रमजानचे रेशन किट: वाटायला निघण्याआधी स्वयंसेवकांनी समजून घ्यायच्या गोष्टी

शाबान अर्धा सरला की मोहल्ल्या-मोहल्ल्यात एकच विषय सुरू होतो. यंदा रमजानचं किट किती घरांना द्यायचं? इशाच्या नमाजनंतर मशिदीत चार-सहा माणसं बसतात, व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरतो, कुणी साखरेचं पोतं कबूल करतं, कुणी तेलाचा बॉक्स. कॉलेजची मुलं म्हणतात, ‘आम्ही येतो, काम सांगा.’ हा उत्साह ही आपल्या समाजाची मोठी दौलत आहे. आम्ही काही शिक्षक-शिक्षिका आणि मोहल्ल्यातले तरुण दरवर्षी या खिदमतीत असतो, म्हणून हे जवळून पाहतो.

पण दरवर्षी आणखी दोन गोष्टी दिसतात. एकाच घरात तीन संस्थांची तीन किटं पोहोचतात आणि तिन्हींत गहू-तांदूळच असतात. आणि त्याच गल्लीत एक घर असं असतं, जिथे काहीच पोहोचत नाही, कारण त्या घरानं कधी हात पसरलेला नसतो. किट बांधणं आणि उचलणं हे कामाचं सोपं अंग आहे. कोणत्या घरात नेमकं काय कमी आहे हे ओळखणं आणि घेणाऱ्याची मान खाली न जाता ते पोहोचवणं, हे अवघड अंग. स्वयंसेवकाची खरी गरज तिथेच असते.

आधी पैसा कोणता ते समजून घ्या

गोळा होणारी रक्कम एकाच डब्यात टाकली की पुढे सगळा गोंधळ होतो. निदान तीन खाती वेगळी ठेवा: जकात, फित्रा आणि लिल्लाह किंवा इमदाद.

जकात कुणाला द्यायची, ते सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत आठ प्रकारांनी सांगितलेलं आहे. हनफी उलमांच्या मते जकात अदा होण्यासाठी घेणाऱ्याला त्या वस्तूचा मालक बनवावं लागतं. रेशन किट हातात दिलं की ते घर त्याचं मालक होतं, त्यामुळे किटचा मार्ग सरळ आहे. पण टेम्पोचं भाडं, पिशव्या, हमाली हा खर्च जकातीच्या पैशातून परस्पर करू नये. त्यासाठी इमदादीचं खातं हवं. आपण जकात देणाऱ्याचे वकील असतो, मालक नसतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ चुका टळतात.

फित्र्याला वेळेची अट आहे. तो ईदच्या नमाजच्या आधी अदा व्हायला हवा, म्हणजे गरिबाच्या घरातही ईदचा दिवस ईदसारखा जावा. हनफी घरांत गव्हाच्या हिशेबानं माणशी साधारण पावणेदोन ते दोन किलोंची किंमत काढतात. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आहेत. तिथे माणशी एक साअ, म्हणजे साधारण अडीच ते तीन किलो, रोजच्या खाण्यातलं धान्य देतात, म्हणून फित्रा तांदळात निघतो. आपल्या गावचा हिशेब इमामसाहेबांना विचारून कागदावर लिहून घ्या आणि सगळ्या स्वयंसेवकांना तोच सांगा.

इमदादीच्या खात्याचा आणखी एक उपयोग आहे. मोहल्ल्यात सगळेच काही मुसलमान नसतात. शेजारी एखाद्या मावशी एकट्या राहतात, एखाद्या काकांचा पाय मोडून काम बंद आहे. शेजाऱ्याचा हक मोठा आहे. अशा घरांसाठी या खात्यातून दहा किटं आधीच बाजूला काढून ठेवावीत.

यादी: जुनी कॉपी करू नका

बहुतेक ठिकाणी मागच्या वर्षीच्या यादीचीच झेरॉक्स निघते. वर्षभरात एखाद्या घरातला मुलगा कमावता झालेला असतो, दुसऱ्या घरातला कमावता माणूस गेलेला असतो. यादी दरवर्षी नव्यानं, घरोघर जाऊन करावी. आणि हे काम शाबानच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकावं.

दारात काय विचारायचं, हेही शिकावं लागतं. ‘तुम्हाला मदत हवी आहे का?’ या प्रश्नाला खुद्दार माणूस ‘नाही’ म्हणणार. त्यापेक्षा सलाम करून तब्येतीची विचारपूस करावी आणि साधेपणानं विचारावं, ‘खाला, घर में खानेवाले कितने हैं?’ मग रेशन कार्ड कोणतं आहे, धान्य मिळतं का, औषधं कुणाला चालू आहेत. बोलता बोलता सगळं समजतं. आणि जिथे बाई एकटी आहे तिथे आपा किंवा बाजीनंच जावं. मुलग्यांना जे कधीच कळणार नाही ते बायका-बायकांच्या दहा मिनिटांच्या बोलण्यात कळतं.

उर्दूत ‘सफेदपोश’ असा एक शब्द आहे. कपडे स्वच्छ, दार रंगवलेलं, मुलं शाळेत, पण महिन्याच्या वीस तारखेनंतर डबा रिकामा. सूरह बकराच्या २७३व्या आयतीत अशाच लोकांचा उल्लेख आहे. ते मागत नाहीत, म्हणून ओळख नसलेल्याला सुखवस्तू वाटतात. ही घरं शोधायची तर किराणा दुकानदाराला विचारा, तिथे उधारीची वही असते. शाळेला विचारा, वह्या उशिरा कोण आणतो ते शिक्षकांना ठाऊक असतं. मेडिकलवाल्याला विचारा, तीन दिवसांच्या गोळ्या एक-एक दिवस करून कोण नेतं ते त्याला माहीत असतं. विचारलेलं मात्र तुमच्यापाशीच राहिलं पाहिजे. यादीवर नावाऐवजी क्रमांक टाका. नाव-क्रमांकाची वही फक्त दोन माणसांकडे असावी.

किटमध्ये काय घालायचं?

इथे थोडी माहिती असली तर पैसे फार चांगले लागतात. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली आला. त्यानुसार प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो धान्य आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे, आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढची पाच वर्षं ही सवलत वाढवलेली आहे. म्हणजे पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला महिन्याला २५ किलो गहू-तांदूळ मिळतात. अशा घरात आपण पुन्हा दहा किलो आटा नेऊन दिला तर त्याची अडचण सुटत नाही. त्याला कमी पडतं ते तेल, डाळ, साखर, चहापत्ती, मसाला आणि गॅस. सरकारनंही २०२२च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ काढला तेव्हा त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि तेल दिलं होतं, ते उगीच नव्हे.

दुसरीकडे अशीही घरं आहेत, ज्यांना हे धान्य मिळतच नाही. महाराष्ट्रात प्राधान्य यादीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपये आहे. शहराचा आकडा बाराने भागला तर महिना पाच हजारसुद्धा होत नाहीत. रिक्षा चालवणारा, टेलरिंग करणारा, शाळेत तासिका तत्त्वावर शिकवणारा माणूस कागदावर या मर्यादेबाहेर जातो, पण भाडं आणि फी भरून त्याच्या हातात काही उरत नाही. त्याचं केशरी कार्ड असतं, पण नाव प्राधान्य यादीत नसतं.

म्हणून दोन प्रकारची किटं करावीत.

पहिलं किट, धान्य मिळणाऱ्या पाच माणसांच्या घरासाठी: तूरडाळ २ किलो, मसूर १, चणाडाळ १, बेसन १, तेल ३ लिटर, साखर ३ किलो, चहापत्ती अर्धा किलो, खजूर १ किलो, पोहे १ किलो, मीठ १ किलो, मिरचीपूड पाव किलो, हळद १०० ग्रॅम. सगळं मिळून वजन साधारण साडेचौदा किलो भरतं.

दुसरं किट, धान्य न मिळणाऱ्या घरासाठी: वरचं सगळं, आणि १० किलो गहू किंवा आटा व ५ किलो तांदूळ. हे जवळजवळ तीस किलोंचं ओझं होतं, म्हणून दोन पिशव्यांत बांधावं. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्या खालांना तीस किलो उचलायला लावू नये. ते नेऊन द्यायला स्वयंसेवक आहेत.

जिथे शक्य असेल तिथे किटऐवजी मोहल्ल्यातल्याच किराणा दुकानाचं कुपन द्यावं. मधुमेहाचा पेशंट असलेलं घर तीन किलो साखरेऐवजी डाळ घेईल, बाळ असलेलं घर दूध पावडर घेईल. कुपन घेऊन दुकानात उभं राहणारी बाई इतर ग्राहकांसारखीच दिसते, हा त्यातला सगळ्यात मोठा फायदा.

पॅकिंगचा दिवस

हे काम रमजान लागण्याआधी, शाबानच्या शेवटच्या रविवारी उरकावं. रोजा धरून दुपारच्या उन्हात पोती उचलणं तब्येतीला झेपत नाही. आणि किटही पहिल्या सहेरीच्या आधी घरात पोहोचलं तरच कामाचं.

शंभर किटांचा हिशेब बघा. साखर ३०० किलो, म्हणजे ५० किलोंची सहा पोती. तूरडाळ २०० किलो. तेल ३०० पाउच. तेल सुटं घेऊ नये. सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीला कायद्यानं बंदी आहे आणि भेसळीची भीतीही त्यातच असते. पाउच घेताना छापलेलं वजन वाचा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. काही पाउच दिसायला तेवढेच असतात, पण आत तेल कमी असतं.

सामान रांगेत मांडून एकेका वस्तूजवळ एकेक माणूस उभा करा. रिकामी पिशवी एका टोकाकडून निघते आणि दुसऱ्या टोकाला भरून बाहेर पडते. जड वस्तू आधी, खजूर आणि पोहे शेवटी. साबण किंवा फिनाईल कुणी दिलं असेल तर ते वेगळ्या पिशवीत. चहापत्ती आणि तांदूळ साबणाचा वास लगेच धरतात, मग तो चहा कुणाच्या घशाखाली उतरत नाही.

शेवटी दोन तपासण्या करा. पहिली, प्रत्येक वस्तूच्या पुड्या मोजूनच मांडलेल्या असाव्यात. शंभर किटं झाल्यावर साखरेच्या दोन पुड्या उरल्या तर कुठल्या तरी पिशवीत साखर कमी गेली आहे. दुसरी, प्रत्येक किट काट्यावर ठेवावं. साडेचौदाऐवजी साडेतेरा भरलं की समजायचं, एक किलोची कुठली तरी पुडी राहिली. शंभर किटं मोजायला अर्धा तास लागतो, पण डाळ नसलेलं किट घेऊन कुणाला परत यावं लागत नाही. परत येणं त्यांना किती जड जातं, याचा विचार करा. बहुतेक लोक परत येतच नाहीत.

घरोघरून आलेल्या वस्तूंसाठी एक वेगळं टेबल ठेवा. तारीख उलटलेली पाकिटं, फोडलेले डबे, कीड लागलेली डाळ तिथेच बाजूला काढा. स्वतःला कुणी दिलं तर नाक मुरडून घेऊ, असं खराब निवडून अल्लाहच्या वाटेत देऊ नये, ही ताकीद सूरह बकराच्या २६७व्या आयतीत आहे.

वाटप: फोटोचा प्रश्न

यावर दरवर्षी वाद होतो, म्हणून स्पष्ट लिहितो. किट घेणाऱ्याचा फोटो काढू नये. चेहरा झाकूनही काढू नये, कारण मोहल्ल्यात माणूस बुरख्यावरून, दारावरून, हातातल्या बांगड्यांवरूनही ओळखला जातो.

आमच्या माहितीतलं एक घर आहे. नवरा गेल्यावर त्या भाभी शिवणकामावर तीन मुलं वाढवतात. एका वर्षी कुणीतरी वाटपाचा फोटो स्टेटसला लावला. थोरली मुलगी दहावीत होती. वर्गात कुणीतरी तो दाखवला. पुढच्या वर्षी किट घेऊन गेलेल्या मुलांना त्या घराचं दार उघडलंच नाही. आतून आवाज आला, ‘हमें जरूरत नहीं.’ गरज होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

दान देणाऱ्याला हिशेब हवा असतो आणि तो त्याचा हक आहे. त्याला बिलाची प्रत पाठवा, पॅक केलेल्या किटांच्या ढिगाचा फोटो पाठवा, किती घरांत गेली तो आकडा पाठवा. एवढं पुरेसं आहे. गुपचूप दिलेला सदका जास्त बरा, हे सूरह बकराच्या २७१व्या आयतीत आहे. उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू नये, ही हदीस तर लहान मुलांनाही पाठ असते. आणि त्याच सूरहच्या २६४व्या आयतीत उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून सदका वाया घालवू नका, असंही बजावलेलं आहे. मंडप, माईक आणि पाहुण्यांच्या हस्ते वाटप या गोष्टी या तराजूवर ठेवून बघाव्यात.

रांग लावू नये. रात्री तरावीहनंतर किंवा पहाटे फजरनंतर, दोघा-दोघांनी जावं. दारात पिशवी ठेवून, सलाम करून, ‘खाला, कमिटीकडून अमानत आहे,’ एवढं बोलून निघावं. ‘आमच्यासाठी दुआ करा’ हेसुद्धा मागू नये, ज्याला करायची तो करतोच.

मुलांना सामील करताना

आम्ही शिक्षक असल्यामुळे हा मुद्दा आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. मुलांना पॅकिंगला जरूर आणा. वजन, गुणाकार, रांग, जबाबदारी, सगळं त्यातून शिकतात. पण वाटपाला त्यांना त्यांच्याच गल्लीत पाठवू नका. ज्या दारात ते पिशवी घेऊन उभे राहतील ते दार त्यांच्याच बाकावर बसणारा मुलगा उघडू शकतो. दुसऱ्या दिवशी वर्गात ती दोन मुलं एकमेकांकडे बघू शकत नाहीत. पंधरा वर्षांखालच्या मुलांनी फक्त पॅकिंग करावं, वाटप मोठ्यांनी.

मुलांसाठी एक छान काम आहे, मूठभर धान्याचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी ‘मुष्टिफंड’ चालवला. घरातली बाई दळण किंवा स्वयंपाक करताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायची आणि त्यावर गरीब मुलांची जेवणं व्हायची. आपल्या घरीही स्वयंपाकघरात एक डबा ठेवता येईल. एक मूठ म्हणजे साधारण ५० ग्रॅम. तीस दिवसांत दीड किलो. दोनशे घरांनी केलं तर ३०० किलो धान्य. हे गणित वर्गात फळ्यावर मांडलं की मुलं घरी जाऊन अम्मीच्या मागे लागतात.

शिजवलेलं अन्न आणि आपत्तीची वेळ

इफ्तार पार्टीत किंवा वलीम्यात उरलेलं जेवण वाटायचं असेल तर घाई महत्त्वाची. गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली राहिलं तर टिकतं, मधल्या तापमानात ते लवकर खराब होतं. बिर्याणीचं पातेलं रात्रभर झाकून ठेवून सकाळी वाटणं म्हणजे लोकांना आजारी पाडणं. उरलेल्या अन्नाच्या वाटपाबाबत केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१९चे नियमही आहेत. ताटात उष्टं झालेलं अन्न कधीच देऊ नये.

पुराच्या वेळी तर किटचा विचारच वेगळा करावा लागतो. २०२१ साली बकरी ईद २१ जुलैला झाली आणि २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा वेळी पहिल्या चार दिवसांत कच्चा तांदूळ कामाचा नसतो, कारण चूल आणि गॅस दोन्ही चिखलात असतात. पिण्याचं पाणी, पाव, बिस्किटं, मेणबत्त्या, कोरडे कपडे लागतात. डाळ-तांदळाची गरज पाणी ओसरून घर धुऊन झाल्यावर येते.

ईदनंतरचं काम

ईद झाली की कमिटी विसर्जित होते. खरं तर एक मोठं काम तिथून सुरू व्हायला हवं. घरोघर फिरताना आपल्याला कळतं की अमक्या बेवा खालांचं नाव नवऱ्याच्या कार्डावरून वेगळं झालेलं नाही, तमक्यांच्या मुलांची नावंच चढलेली नाहीत, कुणाची ई-केवायसी राहिल्यामुळे धान्य बंद झालंय. पॉवरलूमवर कामाला आलेल्या परप्रांतीय कुटुंबाला माहीतच नसतं की गावाकडच्या कार्डावर इथल्या दुकानातही धान्य मिळू शकतं.

हिशेब करा. आपलं किट वर्षातून एकदा, साडेचौदा किलोंचं. पाच माणसांचं, निकषात बसणारं पण यादीत नसलेलं घर प्राधान्य यादीत आलं तर महिन्याला २५ आणि वर्षाला ३०० किलो धान्य, तेही कुणापुढे हात न पसरता, हक्कानं. त्यासाठी एका स्वयंसेवकाला आधार कार्ड, मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला अशी कागदं गोळा करून दोन-तीन वेळा तहसील किंवा शिधावाटप कार्यालयात जावं लागतं. दुकानदाराबद्दल तक्रार असेल तर १९६७ या क्रमांकावर करता येते. यादी करताना ‘कार्डाची अडचण’ असा एक रकाना ठेवा आणि ईदनंतर दर रविवारी त्यातली दोन घरं हातात घ्या.

सोबतच हिशेबाचा एक कागद मशिदीच्या फलकावर लावा: जकात किती आली, फित्रा किती, इमदाद किती, खर्च कुठे झाला, किती घरांत किटं गेली, किती शिल्लक आहे. नावं एकाचीही नकोत, आकडे सगळे हवेत. ज्या मोहल्ल्यात हा कागद लागतो तिथे पुढच्या वर्षी पैसे मागायला फिरावं लागत नाही.

यंदाची बैठक अजून झाली नसेल तर या जुम्याच्या नमाजनंतर घ्या. वही घ्या, दोन आपा आणि दोन भाई निवडा आणि आपल्या गल्लीतल्या पहिल्या घरापासून सुरुवात करा. पिशव्या आणि पोती नंतर येतील. आधी कुणाच्या घरात काय कमी आहे, ते कळू द्या.